पिस्तूल घेऊन परराज्यात कामाला जाताना: वाटेचा कायदा आणि मुक्कामाचा कायदा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पेनसिल्व्हेनियात किंग ऑफ प्रशियाजवळ राहता, चार वर्षांपासून आपल्याकडे ग्रीन कार्ड आहे, काउंटीच्या शेरीफने दिलेला शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे आणि घरी एक ग्लॉक १९ पिस्तूल आहे. कंपनीच्या कामासाठी दर तिमाहीला आपल्याला गाडीने बॉस्टनला जावे लागते. वाटेत न्यू जर्सीतील एडिसन येथे एका ग्राहकाकडे बैठक असते, आणि उशीर झाला की तिथेच मित्राकडे रात्रीचा मुक्काम पडतो. वर्षातून दोनतीनदा विमानाने डॅलसलाही जाणे होते आणि तिकीट स्वस्त मिळाले तर ते विमान न्यू जर्सीतील नेवार्कहून असते. पिस्तूल रिकामे करून, पेटीला कुलूप लावून डिकीत ठेवले की फेडरल कायद्यानुसार ते कोणत्याही राज्यातून नेता येते, असे नेमबाजीच्या रेंजवरील मंडळींनी आपल्याला सांगितले आहे. ते खरे आहे का, असे आपण विचारता.

ते अर्धे खरे आहे. मी फिलाडेल्फिया आणि दक्षिण न्यू जर्सी या भागात सतरा वर्षे फौजदारी बचावाची वकिली करते, आणि शस्त्राच्या गुन्ह्यात माझ्याकडे आलेल्या अशिलांपैकी जे अगदी सरळमार्गी, कर भरणारे, आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेले लोक होते, त्यातल्या बहुतेकांनी नेमके हेच वाक्य ऐकलेले होते. वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्यांना कोणी सांगितला नव्हता.

ज्या तरतुदीविषयी ही मंडळी बोलतात ती १९८६ सालच्या फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्टची. ती फेडरल संहितेच्या १८व्या शीर्षकात कलम ९२६-ए म्हणून आहे. कलम लहान आहे आणि ते मुळातून वाचावे असा माझा आग्रह असतो, कारण त्यातील प्रत्येक अटीवर कुणी ना कुणी अडकलेले आहे. जिथून निघायचे तिथे ते शस्त्र जवळ ठेवणे आणि बाळगणे आपल्याला कायदेशीर असले पाहिजे. जिथे पोहोचायचे तिथेही ते तितकेच कायदेशीर असले पाहिजे. वाहतुकीच्या वेळी शस्त्रात गोळी नसावी. शस्त्र आणि गोळ्या या दोन्हींपर्यंत गाडीत बसल्या जागेवरून सहज हात पोहोचता कामा नये. आणि गाडीला वेगळी डिकी नसेल, म्हणजे एसयूव्ही किंवा हॅचबॅक असेल, तर दोन्ही वस्तू कुलूपबंद पेटीत असाव्यात. ही पेटी म्हणजे ग्लोव्ह बॉक्स किंवा दोन सीटमधला कप्पा नव्हे, असे कलमातच स्पष्ट म्हटले आहे. या सर्व अटी पुऱ्या झाल्या, तर मधल्या राज्याचा कायदा काहीही म्हणत असला तरी आपल्याला त्या राज्यातून जाता येते.

लोक कुलपाची अट लक्षात ठेवतात आणि पोहोचण्याच्या ठिकाणाची विसरतात. आपल्या बॉस्टनच्या प्रवासात सगळी मेख तिथेच आहे. मॅसॅच्युसेट्स पेनसिल्व्हेनियाचा परवाना मानत नाही. त्या राज्याचा स्वतःचा परवाना नसताना घराबाहेर पिस्तूल बाळगणे हा तिथे गंभीर गुन्हा असून त्याला किमान अठरा महिन्यांची सक्तीची शिक्षा आहे. म्हणजे पोहोचण्याच्या ठिकाणी आपले पिस्तूल बेकायदा ठरते, आणि ते तिथे बेकायदा ठरले की कलम ९२६-ए आपल्यापुरते लागूच होत नाही. त्याचा परिणाम फक्त बॉस्टनपुरता राहत नाही. न्यू जर्सीच्या टर्नपाइकवर, जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर, कनेटिकटमधल्या पेट्रोल पंपावर, सगळीकडे आपण त्या त्या राज्याच्या कायद्यासमोर उघडे पडता. पेटीला तीन कुलपे लावली तरी फरक पडत नाही.

आता एडिसनचे पाहू. समजा बॉस्टनचा प्रश्न सुटला आहे आणि तिथला परवाना आपल्या हातात आहे. तरीही एडिसनची बैठक आणि मित्राकडचा मुक्काम हे वाटेतले थांबणे धरले जाईल का? कलमात किती वेळ थांबावे याचा आकडा नाही. पेट्रोल भरणे, चहा घेणे, प्रसाधनगृहात जाणे यासाठीचे थांबे प्रवासाचाच भाग मानले जातात, आणि त्यावर वाद सहसा होत नाही. परंतु तीन तासांची ठरलेली बैठक हा थांबा नसून तो त्या दिवसाचा एक मुक्काम आहे, असे सरकारी वकील म्हणेल, आणि न्यायाधीशांच्या आसनावर मी असते तर मलाही ते पटले असते. रात्रीचा मुक्काम तर उघडच वेगळा. पिस्तुलाची पेटी रात्री मित्राच्या घरात नेली, तर ती आपल्या हाताशी आली. गाडीत ठेवली, तर मुक्काम न्यू जर्सीत आणि शस्त्रही न्यू जर्सीत.

यावर न्यायालयाने काय म्हटले आहे ते सांगण्यासाठी नेवार्कचेच उदाहरण घेते, कारण आपण नेवार्कहून उडण्याचाही विचार करता. २००५ साली युटाहचा एक गृहस्थ सॉल्ट लेक सिटीहून पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅलनटाउनला निघाला होता. पिस्तूल नियमाप्रमाणे रिकामे, कुलूपबंद, चेक-इन केलेल्या सामानात आणि काउंटरवर जाहीर केलेले. नेवार्कला पुढचे विमान चुकले. विमान कंपनीने बसची सोय केली, पण त्याची बॅग बसवर चढलीच नव्हती. ती शोधायला तो उतरला आणि बस निघून गेली. बॅग मिळाली, पण रात्र झाली होती, म्हणून विमानतळाजवळच्या हॉटेलात तो बॅगेसह राहिला. सकाळी तो पुन्हा काउंटरवर गेला आणि प्रामाणिकपणे पिस्तूल जाहीर केले. तिथेच त्याला अटक झाली. काही दिवस तुरुंगात गेले, पुढे आरोप मागे घेण्यात आले आणि त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला. रेव्हेल विरुद्ध पोर्ट ऑथॉरिटी या खटल्यात २०१० साली तिसऱ्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे फेडरल अपील न्यायालयाचा विभाग) अपील न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल दिला. त्याची काही चूक नव्हती, तो अडचणीत सापडला होता, हे न्यायालयाने मान्य केले. पण हॉटेलात त्या रात्री शस्त्र त्याच्या हाताशी होते आणि म्हणून कलमाचे संरक्षण सुटले, असे म्हटले. बॅग हातात घेण्यापूर्वीच पोलिसांकडे किंवा विमानतळाच्या कर्मचाऱ्यांकडे जाऊन सांगायचे होते, असेही निकालात आहे. रात्री बारा वाजता, थकलेल्या माणसाने बॅगेकडे पाठ फिरवावी ही अपेक्षा मला आजही फार वाटते. तरी निकाल तोच आहे, आणि पेनसिल्व्हेनिया व न्यू जर्सी ही दोन्ही राज्ये याच सर्किटमध्ये येतात.

त्याच न्यायालयाने २०१३ साली आणखी एक पाऊल पुढे टाकले. कलमाची भाषा वाहनातून होणाऱ्या वाहतुकीची आहे. हातात बॅग घेऊन विमानतळाच्या इमारतीत चालणाऱ्या माणसाला ती लागू होत नाही, असा निकाल त्याने दिला. शेजारच्या दुसऱ्या सर्किटने, ज्यात न्यूयॉर्क आणि कनेटिकट येतात, २०१० साली टोराको खटल्यात वेगळ्या बाजूने तेच दार बंद केले: पोलिसाने चुकीने अटक केली तरी या कलमाच्या आधारे त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा करता येणार नाही, कारण प्रवासी जिथून आला आणि जिथे चालला त्या दोन्ही राज्यांचे शस्त्रकायदे जागच्या जागी पोलिसाला माहीत असावेत अशी अपेक्षा करता येत नाही. त्यामुळे माझ्या अशिलांना मी कलम ९२६-एचे वर्णन असे करते की ते आपल्याला अटकेपासून वाचवत नाही; अटकेनंतर न्यायालयात मांडण्याचा तो एक बचाव आहे. दरम्यानचे दिवस कुठे काढायचे, हे ते कलम सांगत नाही.

म्हणून पहिला सल्ला सरळ आहे: पिस्तूल बरोबर असेल तर नेवार्क, जेएफके आणि लाग्वार्डिया या विमानतळांवरून जाऊ नका. आपल्याला फिलाडेल्फियाचा विमानतळ जवळ आहे. तिकिटात ऐंशी डॉलर वाचतात म्हणून डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत जाऊ नये.

नदीपलीकडचा कायदा किती कडक आहे याची कल्पना पलीकडे राहणाऱ्यांनाही नसते. न्यू जर्सीत परवान्याविना पिस्तूल बाळगणे हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे. शिक्षा पाच ते दहा वर्षे, आणि शस्त्रांच्या गुन्ह्यांसाठीच्या ग्रेव्ह्ज अ‍ॅक्टनुसार किमान ४२ महिने पॅरोलशिवाय भोगणे बंधनकारक. २०१३ साली फिलाडेल्फियाच्या एका तरुण आईला अटलांटिक सिटीजवळ वाहतूक पोलिसांनी अडवले. आपल्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना आहे आणि पर्समध्ये पिस्तूल आहे, हे तिने आपणहून सांगितले. त्या सांगण्यावरच तिच्यावर खटला उभा राहिला. मोठा गाजावाजा झाल्यावर तिला २०१४ साली खटल्याऐवजी देखरेखीच्या पर्यायी कार्यक्रमात घेण्यात आले आणि २०१५ साली गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. बाहेरच्या राज्याचा परवाना असणाऱ्या अशा भाबड्या प्रवाशांशी थोडे सौम्यपणे वागावे, अशा सूचना राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने २०१४ साली सरकारी वकिलांना दिल्या. पण सूचना म्हणजे हक्क नव्हे. प्रत्येक वेळी तो निर्णय समोरच्या सरकारी वकिलाच्या हातात असतो.

त्यात आपल्या पिस्तुलाच्या दोन गोष्टी वेगळ्याने अडचणीच्या आहेत. ग्लॉक १९ बरोबर कारखान्यातून येणारे मॅगझिन (गोळ्या भरायचा काढता-घालता येणारा कप्पा) पंधरा गोळ्यांचे असते. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्स या चारही राज्यांत मर्यादा दहाची आहे. फेडरल कलमात शस्त्र आणि गोळ्या हे शब्द आहेत, मॅगझिनचा उल्लेख नाही. तेव्हा मोठे मॅगझिन त्या संरक्षणात बसते की नाही हा वाद स्वतःच्या खर्चाने लढण्यापेक्षा दहाची दोन मॅगझिने विकत घेऊन पंधराची घरी ठेवावीत. दुसरी गोष्ट गोळ्यांची. आत्मसंरक्षणासाठी बहुतेक जण हॉलो पॉइंट म्हणजे टोकाशी पोकळ असलेल्या गोळ्या वापरतात. न्यू जर्सीत त्या घरी ठेवता येतात, रेंजवर नेता येतात, मात्र इतर बहुतेक प्रसंगी त्या जवळ असणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. रेव्हेलवर तोही आरोप होता.

न्यूयॉर्कची एक व्याख्या तर मी प्रत्येक अशिलाला दोनदा वाचून दाखवते. त्या राज्याच्या दंडसंहितेत ‘लोडेड’ शस्त्र म्हणजे ज्यात गोळी भरलेली आहे ते, आणि त्याशिवाय, ज्याच्याकडे शस्त्र आहे त्याच्याकडे त्याच वेळी त्यातून झाडता येतील अशा गोळ्याही असतील, तर तेही. म्हणजे चेंबर (झाडायची गोळी जिथे बसते ती जागा) रिकामा, मॅगझिन काढलेले, गोळ्या वेगळ्या खोक्यात, तरी कायद्याच्या लेखी पिस्तूल भरलेले. घराबाहेर किंवा धंद्याच्या जागेबाहेर परवान्याविना असे शस्त्र जवळ असण्याची शिक्षा साडेतीन वर्षांपासून सुरू होते.

मग बॉस्टनला पिस्तूल न्यायचेच असेल तर कायदेशीर वाट आहे का? आहे, फक्त ती लांबची आहे. मॅसॅच्युसेट्स परराज्यातील रहिवाशांना एक वर्षाचा तात्पुरता परवाना देते. त्यासाठी राज्याकडे वेगळा अर्ज, कागदपत्रे, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शुल्क लागते, आणि दरवर्षी ते नव्याने करावे लागते. हा परवाना हातात आला की बॉस्टन हे कायदेशीर गंतव्यस्थान होते आणि मधल्या राज्यांसाठी कलम ९२६-ए प्रथमच आपल्या कामाला येते. त्यानंतरही मी आपल्याला टर्नपाइकने जायला सांगणार नाही. स्क्रँटनच्या बाजूने आय-८४ महामार्ग धरला तर न्यू जर्सी पूर्णपणे टळते आणि न्यूयॉर्क राज्याचा थोडासाच भाग ओलांडावा लागतो. एडिसनची बैठक मात्र त्या फेरीत बसत नाही. एडिसनला पिस्तुलासह जायचे असेल तर न्यू जर्सीचा स्वतंत्र परवाना हवा. बाहेरच्या राज्यातील माणसालाही तो मागता येतो, पण नमुन्याचे फॉर्म, जामीनदारांसारखे वाटणारे, आपली ग्वाही देणारे संदर्भदाते आणि गोळीबाराची पात्रता चाचणी हे सगळे त्यात आले.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची ‘सबळ कारण दाखवा’ ही अट घटनाबाह्य ठरवली, तेव्हापासून एका राज्याचा परवाना सगळीकडे चालतो असे पुष्कळांना वाटते. तसे काही झालेले नाही. परवाना देताना राज्याने मनमानी करू नये एवढाच त्या निकालाचा अर्थ आहे. दुसऱ्याने दिलेला परवाना मानलाच पाहिजे असे न्यायालयाने म्हटलेले नाही. वाहनचालकाच्या परवान्याशी तुलना करण्याचा मोह होतो, पण ती इथे लागू पडत नाही. कोणते राज्य कोणाचा परवाना मानते ही यादी त्या त्या राज्याच्या पोलीस खात्याच्या किंवा अ‍ॅटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर पाहावी, आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहावी.

डॅलसचे प्रकरण त्यामानाने सोपे आहे. टेक्सस आपला परवाना मानते, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे एकवीस वर्षांवरील, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याविनाही पिस्तूल बाळगता येते. तरी तिथल्या इमारतींच्या दारावरच्या पाट्या वाचायची सवय ठेवा. टेक्ससच्या दंडसंहितेतील ३०.०५, ३०.०६ आणि ३०.०७ या कलमांच्या, शस्त्र आत आणण्यास मनाई करणाऱ्या ठरावीक मजकुराच्या पाटीला तिथे कायद्याचे बळ आहे. आपण कामासाठी जाता, तेव्हा दिवसातले आठ तास आपण ग्राहकाच्या कार्यालयात असाल, आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या दारावर अशी पाटी असते किंवा आपल्याच कंपनीच्या नियमावलीत कामाच्या दौऱ्यात शस्त्र नेण्यास मनाई असते. हे गुन्हेगारी कायद्याचे प्रकरण नव्हे, नोकरीचे आहे. तरी माझ्याकडे आलेल्या दोन अशिलांवर खटला झालाच नाही, नोकरी मात्र गेली. कंपनीची नियमावली आधी वाचा. ग्राहक फेडरल कार्यालय किंवा लष्करी तळ असेल तर प्रश्नच मिटला: पिस्तूल त्या आवारात नेऊ नका.

शाळांचा एक फेडरल कायदा असा आहे की तो परराज्यातून आलेल्या माणसालाच नेमका गाठतो. शाळेच्या हद्दीपासून हजार फुटांच्या आत शस्त्र बाळगण्यास मनाई आहे. परवानाधारकाला सूट आहे, परंतु ती शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याने दिलेला परवाना असेल तरच. पेनसिल्व्हेनियाचा परवाना टेक्ससने मान्य केला म्हणून तो टेक्ससने दिलेला होत नाही. शहरात गाडी चालवताना हजार फुटांच्या आत एखादी शाळा न येणे अशक्य आहे. रिकामे शस्त्र कुलूपबंद पेटीत असेल तर मात्र हा कायदा आड येत नाही. त्यामुळे भाड्याच्या गाडीत पेटी कुलूपबंदच राहू द्या.

विमानाने नेण्याची पद्धत स्वतः करून पाहिल्याशिवाय तिची भीती जात नाही, म्हणून ती जरा जवळून सांगते. घरी, निघण्यापूर्वी, मॅगझिन काढा, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहा, मग करंगळी घालून पाहा. मी स्लाइड मागेच अडकवून ठेवते आणि चेंबरमध्ये एक पिवळी प्लास्टिकची पट्टी घालते, म्हणजे काउंटरवरच्या माणसाला शस्त्राला हात न लावता ते रिकामे असल्याचे दिसते. पेटी कडक कवचाची हवी. कुलूप लावल्यावर कोपरा ओढून बोट आत जात असेल तर ती पेटी चालणार नाही. दोन कड्या असतील तर दोन्हींना कुलूप लावा, आणि किल्ली किंवा आकडा फक्त आपल्याकडे ठेवा. गोळ्या कारखान्याच्या खोक्यात किंवा गोळ्यांसाठीच बनवलेल्या डब्यात असाव्यात, सुट्या नसाव्यात. बहुतेक विमान कंपन्या पाच किलोची मर्यादा घालतात. ही पेटी मोठ्या सुटकेसमध्ये ठेवता येते.

विमानतळावर बाहेरच्या पोर्टरकडे सामान देऊ नका, यंत्रावर स्वतः चेक-इन करू नका, काउंटरवर जा. तिथे शांत आवाजात म्हणायचे की मला चेक-इन सामानात एक रिकामे पिस्तूल जाहीर करायचे आहे. ‘माझ्याकडे गन आहे’ हे तीन शब्द रांगेत मोठ्याने उच्चारून एका अशिलाने आपली सकाळ वाया घालवली होती. कर्मचारी एक छोटे कार्ड देतो, त्यावर शस्त्र रिकामे असल्याची सही करायची आणि ते सुटकेसच्या आत ठेवायचे. बॅगेच्या बाहेर शस्त्राची चिठ्ठी लावण्याची सक्ती विमान कंपनीला करता येत नाही. फेडरल कायद्यानेच त्याला मनाई आहे, आणि चोरांचा विचार केला तर ती योग्यच आहे. कुणी लावू लागला तर नम्रपणे त्याच्या वरिष्ठाला बोलवा. त्यानंतर दहापंधरा मिनिटे तिथेच थांबा, कारण तपासणीसाठी पेटी उघडायची झाली तर किल्लीसाठी आपल्यालाच हाक मारतात.

लोक खरी चूक करतात ती लॅपटॉपच्या बॅगेत. एरवी रोज ज्या बॅगेत पिस्तूल असते तीच बॅग घाईत उचलून सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यावर ठेवली जाते. २०२४ साली विमानतळांवर सुरक्षा तपासणी करणाऱ्या टीएसए या फेडरल संस्थेने देशभरातील तपासणी नाक्यांवर ६,६७८ शस्त्रे पकडली आणि त्यातली सुमारे ९४ टक्के भरलेली होती. दिवाणी दंड सतरा हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो, प्री-चेक ही जलद तपासणीची सवलत जाते, आणि त्या राज्याचा फौजदारी खटला वेगळा. कामाच्या दौऱ्याची बॅग आणि पिस्तुलाची बॅग एक असता कामा नये. माझ्या मते ती एकाच कपाटातही नसावी.

विमान वळवले गेले आणि मधल्या कडक राज्यात रात्र काढायची वेळ आली, तर बॅग ताब्यात घेऊ नका. कंपनीला सांगा की त्यात जाहीर केलेले शस्त्र आहे, ती कंपनीच्याच ताब्यात राहू द्यावी आणि पुढच्या विमानावर चढवावी. हॉटेलात दात घासायला ब्रश नसेल, तर तो विकत मिळतो. रेल्वेचा विचार करत असाल तर अ‍ॅमट्रॅकला किमान २४ तास आधी फोनवर कळवावे लागते आणि शस्त्र फक्त नोंदवलेल्या सामानातच नेता येते. अ‍ॅसेला या जलद गाडीवर तशी सोयच नाही. ग्रेहाउंडच्या बसमध्ये शस्त्र अजिबात चालत नाही.

हे वाचणारे पुष्कळ जण आपल्यासारखेच बाहेरून आलेले असतील म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. एच-वन-बी, एल-वन, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने शस्त्र किंवा गोळ्या जवळ ठेवण्यासच मनाई आहे. वैध शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर ती सरसकट आहे. ग्रीन कार्डाचा अर्ज टाकलेला आहे, एवढ्याने ती मनाई उठत नाही. पत्नी एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर असेल आणि तिजोरीचा आकडा तिलाही माहीत असेल, तर शस्त्र तिच्याही ताब्यात आहे असा अर्थ निघू शकतो. तिजोरीचा आकडा घरात वाटून घेऊ नये.

ग्रीन कार्डधारकाला शस्त्र ठेवता येते, पण कायद्याचा धोका नागरिकापेक्षा त्याला फार जास्त आहे, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे वजन इथेच आहे. शस्त्र बेकायदा बाळगण्याच्या जवळजवळ कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरल्यास स्थलांतर कायद्याखाली हद्दपारीची कारवाई होऊ शकते. दहा वर्षांची शिक्षा आणि तुरुंगाऐवजी मिळणारी साधी देखरेख असा भेद तिथे नाही. नागरिकाला जो पर्यायी कार्यक्रम सुटका वाटतो, त्यात गुन्ह्याची कबुली द्यावी लागली आणि न्यायालयाने काही बंधने घातली, तर स्थलांतर कायद्याच्या लेखी ती दोषसिद्धीच ठरू शकते. माझ्याकडे आलेल्या एका सल्लागार अभियंत्याच्या बाबतीत फौजदारी खटला वर्षभरात निकालात निघाला, तर स्थलांतर न्यायालयातली बाजू सावरायला त्याहून बराच जास्त वेळ लागला. फौजदारी वकिलाने कोणताही समझोता करण्यापूर्वी स्थलांतर वकिलाला विचारलेच पाहिजे, आणि अशिलाने ते विचारले आहे का हे विचारले पाहिजे.

वाटेत पोलिसांनी थांबवले तर हात स्टिअरिंगवर ठेवा, परवाना आणि गाडीची कागदपत्रे द्या, खोटे बोलू नका. शस्त्राची माहिती आपणहून द्यायची की विचारल्यावर द्यायची, हे राज्याराज्यात वेगळे आहे. काही राज्यांत ती आपणहून देणे बंधनकारक आहे, पेनसिल्व्हेनियात नाही. गाडीची झडती घेऊ का असे विचारल्यास ‘माझी संमती नाही’ एवढे नम्रपणे म्हणता येते. अटक झाली तर कलम ९२६-एवर पोलिसाशी वाद घालू नका. त्या क्षणी त्याला ते समजावून सांगणे हे आपले काम नाही. वकिलाचा क्रमांक फोनमध्ये असून उपयोग होत नाही, कारण फोन जप्त होतो. तो कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

पुढच्या महिन्यातील बॉस्टनच्या फेरीला पिस्तूल घरी तिजोरीतच राहू द्या, आणि न्यायचेच असेल तर मॅसॅच्युसेट्सचा अर्ज आजच सुरू करा. तो हातात येईपर्यंत निदान एखादी तिमाही जाईल असे गृहीत धरा. आपण पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करणार आहात असे लिहिले आहे. त्या एन-४०० फॉर्ममध्ये, आपल्याला कधी अटक झाली होती का, असा प्रश्न आहे, आणि आरोप मागे घेतले गेले असले किंवा नोंद पुसली गेली असली तरी त्याचे उत्तर ‘हो’ असेच द्यावे लागते.